खाणीचे वारस

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, नाव्हाहो लोकांच्या भूमीवर, लुकाचुकाईचे डोंगर आहेत. १९५०च्या दशकात या डोंगरांच्या कड्यांमध्ये युरेनियमसाठी बोगदे खणले गेले. खनिज संपलं किंवा भाव पडला की खाण सोडून दिली जायची आणि टाकाऊ दगडाचे ढीग उतारावर तसेच राहायचे. नाव्हाहो भूमीवर अशा खाणी सगळीकडे विखुरलेल्या आहेत. त्यांतल्या कुठल्याही दोन घ्या: ढिगातलं विष एकाच जातीचं असतं, वारापाऊस तोच असतो, जवळून चरत जाणारी मेंढरंही तशीच. तरीही एकीच्या सफाईसाठी कोट्यवधी डॉलर बाजूला काढून ठेवलेले असतात आणि दुसरीच्या नावावर छदामही नसतो. या फरकाचं कारण जमिनीत शोधून सापडणार नाही. ते कंपन्यांच्या दप्तरांत आहे. खाण ज्या कंपनीने खणली तिचा ऐपतदार वारस आज हयात आहे की नाही, यावर सगळं ठरतं.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने, म्हणजे ईपीएने, नाव्हाहो भूमीवरच्या ५२३ सोडलेल्या युरेनियम खाणींची नोंद केली आहे. वेगवेगळ्या तडजोडी आणि करारांतून आजवर सुमारे १७० कोटी डॉलरची तरतूद झाली आणि त्यातून २३० खाणींची तपासणी व सफाई सुरू करता येईल, असा या संस्थेचा हिशेब आहे. उरलेल्या निम्म्याहून अधिक खाणींचं काय, हा प्रश्न समजून घ्यायचा तर आधी हे १७० कोटी कुठून आले ते पाहायला हवं. ती कहाणी किरणोत्साराची जितकी आहे, त्याहून अधिक हिशेबाच्या वह्यांची, दिवाळखोरीच्या न्यायालयांची आणि जमिनीच्या मालकी हक्काची आहे.

नाव्हाहो स्वतःला दिने म्हणवतात. ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेली त्यांची भूमी सुमारे ७० हजार चौरस किलोमीटर आहे, महाराष्ट्राच्या जवळपास पाव हिश्श्याइतकी. १८६८च्या तहानंतर त्यांना आपल्या मुलखात परत येता आलं. या जमिनीची कागदोपत्री मालकी मात्र अमेरिकेच्या केंद्र सरकारकडे आहे. सरकार ती नाव्हाहोंच्या वतीने विश्वस्त म्हणून सांभाळतं. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे त्याने एका खटल्याचा निकाल फिरवला.

१९४४ ते १९८६ या काळात या भूमीतून सुमारे ३ कोटी टन युरेनियम खनिज निघालं. आधी ते अणुबॉम्बच्या प्रकल्पासाठी होतं, मग शीतयुद्धातल्या अस्त्रसाठ्यासाठी. खणायच्या कंपन्या खासगी होत्या, पण १९७१पर्यंत अमेरिकेत युरेनियमला गिऱ्हाईक एकच होतं: केंद्र सरकार. अणुऊर्जा आयोग भाव ठरवायचा, माल घ्यायचा आणि नवे साठे शोधणाऱ्यांना उत्तेजन द्यायचा. नाव्हाहो पुरुषांना घराजवळ रोजगार मिळाला. सुरुंग उडवल्यावर धूळ खाली बसायच्या आतच त्यांना पुन्हा बोगद्यात पाठवलं जायचं. वायुवीजन नसल्यासारखंच होतं. तहान लागली की खाणीत झिरपणारं पाणी प्यायचं आणि संध्याकाळी तेच कपडे अंगावर घेऊन घरी जायचं, असा शिरस्ता होता.

मध्य युरोपातल्या श्नेबर्ग आणि योआखिमस्थाल इथल्या खाणकामगारांना फुप्फुसाचा कॅन्सर मोठ्या प्रमाणावर होतो, हे वैद्यकशास्त्राला तेव्हा माहीत होतं. खाणीच्या हवेत साठणाऱ्या रेडॉन वायूवर संशयही होता. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने १९५०मध्ये युरेनियम खाणकामगारांचा अभ्यास हाती घेतला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, छातीचे फोटो काढले, खाणीतली हवा मोजली. ज्यांची छाती तपासली जात होती त्यांना धोक्याची कल्पना मात्र दिली गेली नाही, कारण कामगार बिथरणार नाहीत या अटीवरच कंपन्यांनी डॉक्टरांना आत येऊ दिलं होतं. या अभ्यासाबद्दल वाचताना आजही मनस्वी संताप येतो.

मरण पावलेल्या कामगारांच्या विधवांची बाजू माजी गृहमंत्री स्ट्यूअर्ट युडॉल यांनी न्यायालयात मांडली. (अमेरिकेत या खात्याकडे जमिनी, जंगलं आणि मूळनिवासींचे व्यवहार असतात.) १९८४मध्ये ते हरले. धोरण ठरवण्याच्या अधिकारात सरकारने घेतलेल्या निर्णयासाठी त्याच्यावर दावा लावता येत नाही, असं न्यायालयाने म्हटलं. शेवटी १९९०मध्ये संसदेने किरणोत्सार भरपाईचा कायदा केला आणि आजारी कामगाराला किंवा त्याच्या वारसांना १ लाख डॉलर देऊ केले. पारंपरिक रीतीने लग्न झालेल्या विधवांना विवाहाचा कागद दाखवता येईना, म्हणून त्यांची फरफट झाली. २०००मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. पण ही भरपाई माणसाच्या देहाची होती. जमीन तशीच पडून होती.

जमिनीत नेमकं काय राहतं? खनिजात युरेनियमबरोबर त्याच्या विघटनातून तयार होणारी सगळी साखळी असते. त्यातलं रेडियम सर्वांत त्रासदायक. त्याचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं, म्हणजे तेवढ्या काळात ते फक्त निम्मं होतं. त्यातून रेडॉन वायू सतत सुटत राहतो. ढिगाची धूळ वाऱ्याने उडते, पावसाळी ओढ्यांतून वाहत खाली जाते. स्वतः युरेनियम पाण्यात उतरलं तर किरणोत्सारापेक्षा आधी मूत्रपिंडाला बाधतं, आणि या खनिजासोबत बऱ्याच ठिकाणी आर्सेनिकही असतं. नाव्हाहो भूमीवर साधारण दहापैकी तीन घरांना नळाचं पाणी नाही. लोक पाणी वाहून आणतात आणि जनावरांसाठी असलेल्या विहिरींचंही पाणी वापरलं गेलं आहे. काही कुटुंबांनी खाणीजवळचे चांगले घडीव दगड उचलून आणून त्यांचीच घरं बांधली. पुढे ईपीएला अशी कित्येक घरं पाडून नवी बांधून द्यावी लागली.

सफाईसाठी पैसे आले ते तीन वाटांनी, आणि तिन्ही वाटा निरनिराळ्या कायद्यांतून निघाल्या. पहिला कायदा १९७८चा. खनिज दळून त्यातून युरेनियम वेगळं करणाऱ्या गिरण्यांचा उरलेला गाळ झाकण्याची जबाबदारी त्याने केंद्र सरकारवर टाकली. नाव्हाहो भूमीवरच्या शिपरॉक, टूबा सिटी, मॉन्युमेंट व्हॅली आणि मेक्सिकन हॅट या चार गिरण्यांना त्याचा लाभ झाला. शिपरॉकमध्ये सान हुआन नदीच्या काठावर गाळाचा प्रचंड ढीग १९८६मध्ये मातीखडीखाली बंदिस्त केला गेला. तिथल्या भूजलावरचं काम त्यानंतरही चालूच राहिलं. खाणी मात्र या कायद्याच्या कक्षेत नव्हत्या.

दुसरी वाट ऐकून आश्चर्य वाटेल. १९७७च्या एका कायद्याने दगडी कोळशाच्या दर टनावर शुल्क बसवून जुन्या खाणी बुजवण्यासाठी निधी उभा केला होता. नाव्हाहो भूमीवर कोळशाच्याही मोठ्या खाणी होत्या. त्या निधीतला आपला वाटा नाव्हाहो शासनाने युरेनियमच्या खाणींची तोंडं बंद करायला वापरला. माणूस किंवा मेंढरू आत पडू नये एवढी सोय झाली, ढिगांवर माती पसरली गेली. किरणोत्सार थोपवण्याइतकं त्या पैशात होणार नव्हतं. काही ठिकाणी ती मातीही पुढे वाहून गेली. तरी स्वतःच्या हिमतीवर, हाती आलेल्या पैशातून नाव्हाहोंनी केलेलं ते काम मला फार महत्त्वाचं वाटतं. दुसरं कुणी पुढे येण्याआधी त्यांनी ते केलं.

तिसरी वाट म्हणजे १९८०चा सुपरफंड कायदा. न्यूयॉर्क राज्यातल्या लव्ह कनाल वस्तीखाली पुरलेली रसायनं घरांच्या तळघरांत झिरपली, त्यावरून उठलेल्या वादळातून तो जन्मला. त्याचा गाभा सोपा आणि कठोर आहे. जमीन ज्याने नासवली त्याने ती निस्तरायची. तेव्हा ते बेकायदा नव्हतं, ही सबब चालत नाही. हलगर्जीपणा सिद्ध करायची गरज नाही. एकाच जागेला अनेक जण जबाबदार असतील तर सरकार त्यांतल्या कुठल्याही एकाकडून सगळा खर्च मागू शकतं. त्याने मग इतरांशी भांडत बसावं. खाण चालवणारा जसा जबाबदार, तसाच जमिनीचा मालकही. आणि कुणीच सापडलं नाही तर? त्यासाठीच तो फंड होता. तेल आणि रसायनं बनवणाऱ्या उद्योगांवर खास कर बसवून तो भरला जायचा. १९९५च्या अखेरीस या कराची मुदत संपली आणि संसदेने ती वाढवली नाही. साठलेले पैसे काही वर्षांत आटले. त्यानंतर बेवारस जागांची सफाई करायची ती सामान्य करदात्याच्या पैशातून आणि दरवर्षी अंदाजपत्रकात जे पदरात पडेल त्यातून.

नाव्हाहो खाणींच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. देशातल्या सर्वांत घातक जागांच्या यादीत नाव लागलं तरच या फंडातून कायमस्वरूपी सफाईचा खर्च मिळतो. नाव लागण्यासाठी गुण दिले जातात आणि ते देताना आसपास किती लोक राहतात, किती जण तिथलं पाणी पितात हे मोजलं जातं. शहराजवळच्या कारखान्याला सहज गुण मिळतात. जिथे एका घरापासून दुसरं घर मैलभर दूर आहे, तिथली खाण त्या मोजपट्टीवर छोटी दिसते. एकेका खाणीजवळ माणसं थोडी असतील, पण पाचशेहून अधिक खाणी मिळून एका सबंध समाजाला वेढून आहेत, हे त्या हिशेबात येत नव्हतं.

२००६मध्ये लॉस एंजलिस टाइम्सने या खाणींवर पत्रकार जुडी पास्टरनॅक यांची लेखमाला छापली. २००७च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेचे सदस्य हेन्री वॅक्समन यांच्या समितीने पाच सरकारी खात्यांना समोर बसवून जाब विचारला आणि सफाईचा आराखडा मागितला. तिथून पाच वर्षांचा, मग आणखी पाच वर्षांचा आणि नंतर २०२० ते २०२९ असा दहा वर्षांचा आराखडा आला. आराखडे कागदावर आले तरी मोठी रक्कम आली ती भलतीकडून, न्यूयॉर्कच्या दिवाळखोरी न्यायालयातून.

केर-मगी ही ओक्लाहोमातली तेल कंपनी. तिच्या संस्थापकांपैकी रॉबर्ट केर पुढे सिनेटर झाले. लुकाचुकाईतल्या कोव्ह गावच्या डोंगरांत तिच्या खाणी होत्या, शिपरॉकची गिरणीही काही वर्षं तिच्याकडे होती. तेलाखेरीज तिने युरेनियम, प्लुटोनियम, रंगासाठी लागणारं टायटॅनियम डायऑक्साइड, लाकूड टिकवायचं क्रिओसोट असे अनेक धंदे केले आणि देशभर दूषित जागा मागे ठेवल्या. एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला तेलाचा धंदा भरभराटीला आला होता, पण ही जुनी देणी गळ्यात असल्यामुळे कंपनी विकत घ्यायला कुणी धजत नव्हतं.

तेव्हा तिने वाटणी केली. एकत्र कुटुंबात थोरल्याने बागायत आणि वाडा ठेवून घ्यावा आणि धाकट्याच्या पदरात माळरान व सावकाराचे सगळे कागद टाकावेत, तशी. तेल आणि वायूच्या विहिरी एका बाजूला ठेवल्या. टायटॅनियमचा धंदा आणि गेल्या कित्येक दशकांची पर्यावरणाची देणी दुसऱ्या बाजूला टाकून ट्रॉनॉक्स नावाची वेगळी कंपनी काढली. मार्च २००६मध्ये ही फारकत पुरी झाली. त्याच वर्षीच्या जूनमध्ये ॲनाडार्को या तेल कंपनीने ओझं उतरलेली केर-मगी विकत घेण्याचा सौदा जाहीर केला. त्या सौद्याची किंमत १६०० कोटी डॉलरच्या वर होती. ट्रॉनॉक्सला ते ओझं झेपणारं नव्हतंच. जानेवारी २००९मध्ये तिने दिवाळं काढलं.

गोष्ट इथे संपली असती तर नाव्हाहोंच्या या खाणीही बेवारस ठरल्या असत्या. पण व्यापाराच्या कायद्यात फार जुनं एक तत्त्व आहे: धनकोला बुडवण्यासाठी किंवा तंगवण्यासाठी कुणी आपली मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, तर न्यायालय तो व्यवहार मोडू शकतं. हे तत्त्व साध्या सावकारी भांडणांसाठी घडलं. इथे धनको कोण होते? अमेरिकेचं सरकार, अनेक राज्यं आणि नाव्हाहो नेशन (नाव्हाहोंचं शासन), कारण त्यांच्या जमिनींची सफाई ही केर-मगीने द्यायची रक्कम होती. ट्रॉनॉक्स आणि हे सगळे मिळून ॲनाडार्कोच्या मागे लागले. डिसेंबर २०१३मध्ये न्यायाधीश ॲलन ग्रॉपर यांनी निकाल दिला की ही वाटणी देणी टाळण्यासाठीच होती. नुकसानीचा आकडा ५१५ कोटींपासून १४०० कोटी डॉलरच्या पुढपर्यंत जाऊ शकेल, असं त्यांनी म्हटलं. एप्रिल २०१४मध्ये ॲनाडार्कोने ५१५ कोटी डॉलरवर तडजोड केली आणि जानेवारी २०१५मध्ये ती अमलात आली. पर्यावरणाच्या सफाईसाठी त्यापूर्वी अमेरिकेच्या न्यायखात्याने इतकी मोठी रक्कम कधीच वसूल केली नव्हती.

त्यातले साधारण ९८ कोटी ५० लाख डॉलर केर-मगीच्या सुमारे ५० नाव्हाहो खाणींसाठी ईपीएच्या स्वतंत्र खात्यात जमा झाले. शिपरॉकच्या जुन्या गिरणीच्या जागेसाठी नाव्हाहो नेशनला सुमारे ४ कोटी ३० लाख मिळाले. या आकड्यांकडे जरा थांबून पाहावं. ५२३पैकी ५० खाणींसाठी जवळजवळ १०० कोटी, म्हणजे एकेका खाणीला सरासरी दोन कोटी डॉलर. उरलेल्या सगळ्या खाणींना हाच दर लावला तर रक्कम कुठे जाईल ते वाचकांनीच ताडावं.

इतर वारसांचीही कथा सांगण्याजोगी आहे. २०१७मध्ये फ्रीपोर्ट-मॅकमोरॅन या तांब्याच्या कंपनीच्या दोन उपकंपन्यांशी ९४ खाणींच्या सफाईचा करार झाला. त्याची किंमत ६० कोटी डॉलरहून जास्त आहे आणि साधारण निम्मा वाटा अमेरिकेचं सरकार उचलतं. न्यू मेक्सिकोतल्या चर्च रॉकची सर्वांत मोठी खाण युनायटेड न्यूक्लियर कंपनीची होती. याच कंपनीच्या गिरणीचं धरण १६ जुलै १९७९ला फुटलं आणि साडेपस्तीस कोटी लिटर किरणोत्सारी पाणी पुएर्को नदीत गेलं. त्याच वर्षी मार्चमध्ये झालेल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्राच्या अपघातापेक्षा यातून अधिक किरणोत्सार बाहेर पडला. नाव मात्र जगाला थ्री माइल आयलंडचंच ठाऊक आहे. युनायटेड न्यूक्लियर पुढे जनरल इलेक्ट्रिककडे गेली, म्हणून तिथल्या सफाईला धनी आहे.

आणि आता तो मालकी हक्काचा तपशील. एल पासो नॅचरल गॅस कंपनीवर ॲरिझोनातल्या कॅमेरॉन गावाजवळच्या १९ खाणींची जबाबदारी आली. तिने उलटा दावा लावला: जमिनीची कागदोपत्री मालकी सरकारची आहे आणि सुपरफंड कायद्याखाली मालक जबाबदार असतो, तेव्हा सरकारनेही भरावं. सरकारचं म्हणणं, आम्ही नावापुरते मालक, जमीन नाव्हाहोंची. न्यायालयाने सरकारचं म्हणणं मानलं नाही. २०१९च्या निकालात खर्चाची ६५ टक्के जबाबदारी कंपनीवर आणि ३५ टक्के केंद्र सरकारवर टाकली. खाणकाम सरकारने मंजूर केलं, देखरेख सरकारची होती, युरेनियम सरकारनेच घेतलं, हे सगळं विचारात घेऊन. मला हा निकाल ॲनाडार्कोच्या तडजोडीइतकाच मोलाचा वाटतो. दीडशे वर्षं ज्या विश्वस्तपणाच्या नावाखाली नाव्हाहोंच्या जमिनीचे करार परस्पर केले गेले, तोच विश्वस्तपणा इथे सरकारच्या अंगावर देणं म्हणून आला.

पैसे आले म्हणजे ढीग हलले असं नाही. ॲनाडार्कोचे पैसे २०१५मध्ये आले; केर-मगीच्या चर्च रॉकजवळच्या क्विव्हिरा खाणींचा टाकाऊ माल कुठे न्यायचा याचा निर्णय ईपीएने जाहीर केला जानेवारी २०२५मध्ये. मधली दहा वर्षं कशात गेली? पहिला प्रश्न असा की, किती किरणोत्सार माणसाने केलेला आणि किती मुळातलाच. जिथे खडकातच युरेनियम आहे, तिथे खाण नसती तरी मापकाचा काटा हलला असता. म्हणून प्रत्येक खाणीसाठी जवळची, तशाच खडकाची पण न खणलेली जागा शोधून तिचं मोजमाप करावं लागतं. ही जागा कुठली निवडली यावर सफाईची हद्द ठरते, म्हणून तिच्यावरूनही वाद होतात.

दुसरा प्रश्न त्याहून नाजूक आहे. जमीन किती स्वच्छ करायची? अभियंते आधी गृहीत धरतात की माणूस तिथे कसा वावरेल. कधीमधी मेंढ्या घेऊन येईल असं धरलं तर बरीच माती जागेवर ठेवता येते. तिथेच घर करील, तिथल्या मेंढीचं मटण खाईल, रानातल्या औषधी वनस्पती गोळा करील, मुलं धुळीत खेळतील असं धरलं तर आणखी खोल खणावं लागतं आणि खर्च कितीतरी वाढतो. नाव्हाहोंचं जगणं दुसऱ्या प्रकारचं आहे. त्यांनी ते पुन्हा पुन्हा ठासून सांगितल्यावर त्यांच्या जीवनपद्धतीवर बेतलेलं धोक्याचं गणित तयार झालं. जमिनीवर कुणी कसं जगतं याला रकाना नव्हता तोवर त्याला पैसाही नव्हता.

तिसरा प्रश्न तर रोजच्या भांडणाचा. ढीग जागच्या जागी मातीखाली झाकणं स्वस्त, दूर नेणं महाग. एकदा झाकला की त्यावर शेकडो वर्षं नजर ठेवावी लागते, आणि रेडियमच्या तुलनेत कंपन्यांचं आयुष्य किती? केर-मगी १९२९मध्ये निघाली आणि २००६मध्ये तिचं स्वतंत्र अस्तित्व संपलं. म्हणून चर्च रॉकच्या रेड वॉटर पाँड रोड वस्तीतली माणसं वर्षानुवर्षं सांगत आली की, हे आमच्या भूमीबाहेर न्या. क्विव्हिराच्या बाबतीत ते मान्य झालं. १० लाख घनयार्डांहून अधिक माल ट्रकांनी आरक्षित भूमीबाहेरच्या रेड रॉक्स कचरा-भरावात खास बांधलेल्या जागी नेण्याचं ठरलं. काम सहा ते आठ वर्षांचं. पण त्या भरावाच्या आजूबाजूलाही नाव्हाहो कुटुंबं राहतात आणि त्यांचा या योजनेला विरोध झाला. एका वस्तीची सुटका दुसरीच्या दारात ढीग नेऊन करावी लागते, हे पाहून वाईट वाटतं. तरी पाऊसवाऱ्यात उघडा पडलेला ढीग तसाच ठेवण्यापेक्षा अस्तर घातलेल्या, झाकलेल्या जागी तो जाणं बरं, असं माझं मत आहे.

पैसा येतो तेव्हा तो कुणाच्या हाती असतो, हेही पाहायला हवं. ॲनाडार्कोची खाणींसाठीची रक्कम ईपीएकडे आहे, नाव्हाहो शासनाकडे नाही. २०२१मध्ये ईपीएने या कामांसाठी तीन कंपन्यांना २२ कोटी डॉलरपर्यंतची कंत्राटं दिली आणि त्यांत नाव्हाहोंना रोजगार व प्रशिक्षण देण्याच्या तरतुदी घातल्या. ओक्लाहोमातल्या क्वापॉ लोकांनी याच्या पुढचं पाऊल टाकून दाखवलं. त्यांच्या टार क्रीक परिसरात शिसं आणि जस्ताच्या खाणींनी खडीचे डोंगर उभे केले होते. १९८३पासून ती जागा सुपरफंडच्या यादीत होती आणि कंत्राटदार येत-जात होते. २०१३मध्ये क्वापॉंनी ईपीएशी करार करून आपल्या समाजाला पवित्र असलेल्या ४० एकरांच्या एका तुकड्याची सफाई स्वतः केली, स्वतःचे कामगार आणि यंत्रं लावून. सुपरफंडच्या जागेची सफाई एखाद्या मूळनिवासी समाजाने स्वतः हाती घेण्याची ती पहिलीच वेळ होती. तिथून पुढची कामंही त्यांच्याकडे येत गेली. आपली जमीन स्वच्छ करण्यातून मिळणारी मजुरी आणि कसब आपल्याच घरात राहावं, यात गैर काय?

भारतातही हा विषय परका नाही. झारखंडात जादुगोड्याला १९६७पासून सरकारी कंपनी युरेनियम काढते आणि आजूबाजूची वस्ती संथाळ, हो, मुंडा लोकांची आहे. जुलै २०२५मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. दूषित जागा शोधणं, जबाबदार कोण ते ठरवणं आणि त्याच्याकडून खर्च वसूल करणं याची रीत त्यांत पहिल्यांदा घालून दिली आहे. मात्र किरणोत्सारी कचरा आणि खाणकाम यांना वेगळे कायदे लागू होतात म्हणून ते या नियमांतून वगळले आहेत. आपल्याकडे खाणीचा पट्टा घेतानाच हेक्टरमागे आर्थिक हमी ठेवण्याचा नियम आहे, आणि ती कल्पना चांगली आहे: खणून झाल्यावर वारस शोधत फिरण्याऐवजी आधीच अनामत घ्यायची. ती रक्कम सफाईच्या खऱ्या खर्चाला पुरेल का, हा हिशेब गडचिरोलीच्या सूरजागडसारख्या डोंगरांवर खाणी वाढत असताना उघडपणे मांडला गेला पाहिजे. नाव्हाहोंच्या जमिनीवर पट्टे दिले गेले तेव्हा अशी अनामत कुणी घेतली असती, तर २००९च्या दिवाळखोरीने कुणाचीच झोप उडाली नसती.

आता त्या उरलेल्या खाणी. काहींच्या कंपन्या दोन-तीन वर्षं चालून बंद पडल्या, काहींचे पट्टे छोट्या व्यक्तींच्या नावावर होते. सगळे काळाच्या ओघात गेले. एक देणेकरी मात्र कुठेही गेलेला नाही. युरेनियमचं एकमेव गिऱ्हाईक, कागदोपत्री जमीनमालक आणि ज्याच्या डॉक्टरांनी कामगारांपासून धोका लपवला, ते सरकार आजही आहे. त्याने २०१५ आणि २०१६मध्ये काही बेवारस खाणींच्या तपासणीपुरती तजवीज केली. कॅमेरॉनचा निकाल पुढे ताणला तर सफाईचा खर्चही त्यानेच उचलायला हवा, आणि त्यासाठी एखादी कंपनी न्यायालयात जाण्याची वाट बघण्याचं कारण नाही.

मार्च २०२४मध्ये लुकाचुकाई पर्वतातल्या खाणींचा सबंध पट्टा देशातल्या सर्वांत घातक जागांच्या यादीत घेतला गेला. सुट्या खाणी न मोजता सगळा डोंगर एकत्र धरला, म्हणून ते जमलं. आता तिथल्या सफाईला सुपरफंडचा पैसा मिळू शकतो. एरवी अशा कामात राज्याला १० टक्के वाटा उचलावा लागतो. मूळनिवासींच्या जमिनीला कायद्याने त्यातून सूट आहे. फंडातही पुन्हा पैसे येऊ लागले आहेत. रसायनांवरचा कर २०२२च्या जुलैपासून आणि तेलावरचा २०२३च्या जानेवारीपासून परत लागू झाला. तेलावरच्या कराला मुदत घातलेली नाही. रसायनांवरच्या कराला २०२१च्या कायद्याने ती घातली आहे: ३१ डिसेंबर २०३१.